उपोषणाच्या अटींमधला उरूस

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजान ईदला आठ दिवस उरले होते. नववीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे मराठीच्या तासाला मराठीतच बोलायचे असा माझा नियम आहे. पण त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि उर्दूतच म्हणाला, "सर, इस साल ईद करनी है या नहीं?"

मी त्याला भाषेवरून टोकले नाही. प्रश्न कुठून आला हे सगळ्या वर्गाला ठाऊक होते. मोबाइलवर फिरलेल्या एका व्हिडिओवरून गावात तणाव झाला होता. दोन दिवस बाजार बंद, चौकात पोलिसांची गाडी. त्या मुलाच्या वडिलांचा बांगड्यांचा हातगाडा आहे. ईदच्या आधीच्या आठवड्यात त्यांची सगळ्यात जास्त विक्री होते. तो गाडा ताडपत्री टाकून घरासमोर उभा होता.

"बघू," एवढेच मी म्हणालो. शिक्षकाने देऊ नये असे ते उत्तर होते. आणि खरे सांगायचे तर त्याच सकाळी मी घरात सांगून आलो होतो की यंदा शिरखुर्म्याचे डबे शेजारी पाठवायचे नाहीत. आमच्या गल्लीतल्या सात हिंदू घरांत वडिलांच्या काळापासून डबे जातात. "उगाच कुणाला अवघडल्यासारखं नको," असे कारण मी पत्नीला दिले. ती काही बोलली नाही. खरे कारण भीती होती. कुणी डबा घेतलाच नाही तर?

बी.एड.ला मराठीबरोबर माझा दुसरा अध्यापन विषय इतिहास होता. उत्तर सापडत नसले की मी इतिहासाकडे जातो. त्या रात्री तरावीहनंतर मी १९४७-४८ च्या दिल्लीविषयीचे जुने वाचन पुन्हा काढून बसलो.

देशाला स्वातंत्र्य मिळाले ते रमजानमध्ये, हे आपल्या फारसे ध्यानात नसते. १५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता, त्या रमजानचा शेवटचा जुम्मा. तीन दिवसांनी, १८ ऑगस्टला ईद झाली. तेव्हा पंजाब जळत होता. सीमेच्या दोन्ही बाजूंनी माणसे घरे सोडून निघाली होती. सप्टेंबरमध्ये ती आग दिल्लीत पोहोचली. दिल्लीचे हजारो मुसलमान पुराना किला आणि हुमायूनच्या मकबऱ्यात उघड्यावर येऊन राहिले. आणि त्याच शहरात पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेले हिंदू आणि शीख निर्वासित लाखांनी आसरा शोधत होते. कुणाची आई मारली गेली होती, कुणाची बहीण हरवली होती. त्यांच्या रागामागे खरे दुःख होते. हे सांगितल्याशिवाय त्या दिवसांचा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

ऑक्टोबरमध्ये मौलाना अबुल कलाम आझाद जामा मशिदीत बोलले. समोर घाबरलेली, निम्मे सामान बांधून तयार असलेली माणसे होती. मौलानांनी त्यांना रागावून, समजावून एकच गोष्ट सांगितली. जाऊ नका, ही भूमी तुमची आहे. पण 'राहा' म्हणणे सोपे असते. राहायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

महात्मा गांधी ९ सप्टेंबरला कलकत्त्याहून दिल्लीत आले होते. चार महिने ते छावण्यांमधून फिरले. मुसलमानांच्या छावणीत गेले, तसे हिंदू-शीख निर्वासितांच्या छावणीतही गेले. तरी शहर शांत होईना. पोलीस बंदोबस्त होता, पण भीती तशीच होती. शेवटी १३ जानेवारी १९४८ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी उपोषण सुरू केले. ते त्यांचे शेवटचे उपोषण ठरले.

उपोषण सोडण्यासाठी दिल्लीच्या लोकांनी काय करायला हवे, याच्या अटी ठरल्या. मशिदी परत करा. सब्जी मंडी, करोलबाग, पहाडगंज या भागांत मुसलमानांना पूर्वीसारखे निर्धास्त फिरता आले पाहिजे. रेल्वेने प्रवास करता आला पाहिजे. त्यांच्यावर आर्थिक बहिष्कार नको. या सगळ्या अटी समजण्यासारख्या आहेत. जीव, रस्ता, रोजगार यांच्याशी त्यांचा संबंध आहे. पण त्याच यादीत आणखी एक गोष्ट होती. मेहरौलीला ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्यावरचा उरूस दरवर्षीसारखा झाला पाहिजे.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मी या ओळीपाशी अडखळलो होतो. माणसे मरत असताना उरूस कशाला? यंदा नाही, पुढच्या वर्षी करू, असे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता. मीही घरी तेच म्हणालो होतो.

ख्वाजा कुतबुद्दीन हे अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचे शिष्य. १२३५ मध्ये त्यांचे निधन झाले. कुतुबमिनारपासून जवळच त्यांचा दर्गा आहे. बाबा फरीद त्यांचे मुरीद. हे तेच बाबा फरीद, ज्यांची वाणी शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे. म्हणजे ज्या दर्ग्याभोवती शीख आणि मुसलमान एकमेकांना भिऊन होते, तिथे शिखांच्या पूज्य बाबा फरीदांचे मुर्शद विसावले होते. द्वेषाच्या दिवसांत माणूस आधी असली नाती विसरतो.

दंगलीत मेहरौलीच्या मुसलमानांना घरे सोडावी लागली होती. दर्ग्यातल्या संगमरवरी जाळ्यांची मोडतोड झाली होती. अशा ठिकाणी उरूस भरवायचा तर पोलीस पुरेसे नव्हते. आजूबाजूच्यांनी 'या' म्हणायला हवे होते. मला वाटते, ती अट यादीत असण्याचे कारण हेच असावे. जीव वाचवायचा तर छावणीतही वाचतो, कुंपण आणि शिपाई असले की झाले. पण उरसाला माणूस बायकामुलांना घेऊन जातो. फुलांची चादर घेतो, मिठाई घेतो, लेकीला बांगड्या भरतो. घाबरलेला माणूस लेकीला बांगड्या भरत नाही. शहर खरोखर शांत झाले की नाही, याचे माप पोलिसांच्या संख्येत मिळत नाही, ते जत्रेत मिळते.

१८ जानेवारीला वेगवेगळ्या समाजांच्या आणि संघटनांच्या प्रतिनिधींनी सह्या करून लेखी हमी दिली. मौलाना आझादांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन गांधीजींनी उपोषण सोडले. सगळे गोड झाले असे मात्र नाही. उपोषण चालू असताना बिर्ला भवनाबाहेर, मरायचे तर मरू द्या, अशा घोषणा देणारेही होते. २० जानेवारीला त्यांच्या प्रार्थनासभेजवळ बॉम्ब फुटला.

आणि तरीही उरूस झाला. २७ जानेवारी १९४८ रोजी, उपोषणाने खचलेल्या शरीराने गांधीजी स्वतः मेहरौलीला गेले. तिथे मुसलमान आले होते, हिंदू आणि शीखही आले होते. मोडलेल्या जाळ्या पाहून ते कष्टी झाले. जमलेल्या सगळ्यांना त्यांनी सलोख्याने राहण्याचे आवाहन केले. तीन दिवसांनी, ३० जानेवारीला, त्यांची हत्या झाली.

आमच्या शाळेत २६ जानेवारीला झेंडावंदन होते. ३० जानेवारीला सकाळी अकराला भोंगा वाजला की मुले दोन मिनिटे स्तब्ध उभी राहतात. मधली २७ तारीख शाळेच्या कॅलेंडरवर कुठेच नाही. मला ती असावीशी वाटते.

या कथेत एक कडू भाग आपल्या महाराष्ट्राचाही आहे. मारेकरी मराठी बोलणारा होता. आणि त्याच्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून पुढच्या दिवसांत महाराष्ट्रात निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. एकाने केले आणि नाव सारखे म्हणून दुसऱ्याने भोगले. हे दुःख काय असते ते मुसलमान वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच ते दुसऱ्याच्या वाट्याला आलेले असतानाही आपल्याला दिसले पाहिजे.

मग उमेद कशात? उरसाने गांधीजींचे प्राण वाचले नाहीत. फाळणीत गेलेले कुणी परत आले नाही. पण मेहरौलीचा उरूस त्या वर्षी चुकला नाही, एवढे खरे. त्याच मेहरौलीत 'फूलवालों की सैर' नावाचा मुघल काळापासूनचा सण आहे. त्यात ख्वाजांच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढते आणि जवळच्या योगमाया मंदिरात फुलांचा पंखा अर्पण होतो. इंग्रजांनी तो १९४२ मध्ये बंद केला. पुढे पंडित नेहरूंच्या काळात, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, तो पुन्हा सुरू झाला. वीस वर्षे बंद पडलेला सणही कुणी मनावर घेतले तर परत उभा राहतो.

आपल्या दीनमध्ये एक साधा नियम आहे. फितरा ईदच्या नमाजाआधी द्यायचा. का? तर गरिबाच्या घरीही त्या दिवशी ईद व्हावी म्हणून. म्हणजे दुसऱ्याच्या सणाची सोय केल्याशिवाय आपला सण पुरा होत नाही. आजवर मी हा नियम फक्त पैशाचा समजत होतो. त्या रात्री वाटले, तो भीतीलाही लागू आहे. शेजाऱ्याच्या मनातली भीती कमी करणे हाही एक फितराच आहे, आणि तो आपण होऊन द्यायचा असतो.

दुसऱ्या दिवशी धडा बाजूला ठेवून मी वर्गाला मेहरौलीची गोष्ट सांगितली. शेवटी त्या मुलाला म्हणालो, "ईद करायची. अब्बांना सांग, गाडा बाहेर काढायचा. मी संध्याकाळी बांगड्या घ्यायला येतो." त्या संध्याकाळी तिथे दोघेतिघेच गिऱ्हाईक होते. त्यात पेठेतल्या एक हिंदू ताई होत्या. त्या भाव करत होत्या, नेहमीसारखाच, खूप वेळ. तो भाव ऐकून मला किती बरे वाटले ते सांगता येणार नाही.

ईदच्या दिवशी नमाजानंतर मी स्वतः सातही डबे घेऊन निघालो. एरवी मुले नेतात. कोपऱ्यावरच्या काकूंनी दार उघडताच विचारले, "यंदा उशीर का केलास रे?" दुसऱ्या एका घरी डबा दारातच घेतला गेला, काही न बोलता. सात घरी गेलो, सातही डबे घेतले गेले.

आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. संध्याकाळपर्यंत सहा डबे आले. कुणात चिवडा, कुणात साखर, काकूंच्या डब्यात पुरणपोळी. सातवा डबा आला नाही. तो अजूनही आलेला नाही.

गेल्या वर्षी त्या घरी मी नव्या डब्यात शिरखुर्मा दिला. यंदाही देणार आहे. ईद मुबारक.