गंजणाऱ्या लोखंडाचे देणे

आपल्या मराठीत बुद्धी गंजते, वापरात नसलेली कलाही गंजते. मी इतकी वर्षे कविता लिहितो आहे, पण ‘गंज’ हा शब्द मला कधी चांगल्या अर्थाने वापरावासा वाटला नाही. विज्ञानाच्या इतिहासात मात्र तो तसा भेटला.

गोष्ट कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाची. यंत्रांच्या भागांवरचे तेल-ग्रीस काढायला कारखान्यांत ट्रायक्लोरोएथिलीन सर्रास वापरले जाई. सांडलेले द्रावण जमिनीत मुरून भूजलात उतरे आणि वर्षानुवर्षे तिथेच राही. हे रसायन कर्करोगाला कारण ठरते. १९८४च्या सुमारास प्रा. रॉबर्ट गिलहॅम यांचा एक विद्यार्थी साधीच गोष्ट तपासत होता : पाण्याचे नमुने ज्या नळ्यांतून घेतो, त्या नळ्याच या जातीच्या रसायनांचे प्रमाण बदलतात का? प्लॅस्टिक ती शोषून घेते, हे समजण्यासारखे होते. पण लोखंडासारख्या धातूंजवळही ती घटत गेली. धातू तर शोषत नाही. मग विष गेले कुठे?

ते मोडले होते. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन देऊन टाकते. ते मिळाले की विषाच्या रेणूतला क्लोरिन सुटतो, त्याचे क्लोराइड होते आणि शेवटी इथिलीनसारखे साधे वायू उरतात. १९९१ मध्ये ओंटारिओतल्या बॉर्डन येथे लोखंडाचा कीस आणि वाळू मिसळून भूजलाच्या वाटेत एक भिंत पुरली. पंप नाही, वीज नाही; पाणी आपल्या गतीने झिरपत गेले आणि सुमारे ९० टक्के ट्रायक्लोरोएथिलीन नाहीसे झाले.

पण भिंतीसाठी खोल चर खणावा लागतो. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात चुआन-बाओ वांग आणि वेई-शियान झांग यांनी लोखंडाचे नॅनोकण वापरले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कण जितका बारीक, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा आणि काम वेगाने. उत्प्रेरक म्हणून थोडे पॅलॅडियम. पुढे न्यू जर्सीतल्या ट्रेंटन येथे असे जेमतेम १.७ किलो कण पाण्यात मिसळून जमिनीत सोडले, तेव्हा ट्रायक्लोरोएथिलीन ९६ टक्क्यांपर्यंत घटले.

मात्र हे कण एकमेकांना चिकटतात, लवकर गंजून संपतात आणि जमिनीत फार दूर जात नाहीत. म्हणून या औषधाच्या भरवशावर विष सांडत राहणे परवडणारे नाही. लोखंड दुसऱ्यांचे पाणी स्वच्छ करताना स्वतः संपते. निदान त्याच्यावर हे काम पुन्हा पुन्हा येऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.