एका पेठेचा कारभार

१५३७ मध्ये यलहंकेच्या केंपेगौडाने बंगळूर वसवलं ते मुळात बाजारपेठ म्हणून. दोड्डपेटे आणि चिक्कपेटे जिथे एकमेकींना छेदतात, तिथून चार दिशांना चार नांगर सोडले आणि बैल थांबले तिथे वेशी बांधल्या, अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी आतली मांडणी आजही नावांत शाबूत आहे: तांदळाची अक्कीपेटे, कापसाची अरळेपेटे, बांगड्यांची बळेपेटे, कुंभारांची कुंभारपेटे, तेल्यांची गाणिगरपेटे. पुण्यातल्या कितीतरी पेठा वारांच्या नावांच्या. इथल्या मालाच्या आणि जातींच्या. नगरपालिका नावाची चीज नव्हती तेव्हा एकेका धंद्याचे यजमान आणि व्यापाऱ्यांचे शेट्टी हेच तंटे मिटवत. वर सत्ता कोणाचीही असो, तिचा डोळा असे जकातीवर.

१६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे गाव घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांच्यामागे ते व्यंकोजींकडे गेलं. तंजावरला बस्तान बसल्यावर व्यंकोजींना इतक्या लांबची पेठ सांभाळणं जड झालं असावं, कारण त्यांनी ती म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना ३ लाख रुपयांना विकायला काढली. व्यवहार पुरा होण्याआधीच, १६८७ मध्ये, मोगल सरदार कासीमखान गावात शिरला, आणि म्हैसूरकरांनी त्याच रकमेला ते मोगलांकडून घेतलं. अख्खं गाव असं विकलं गेलं. शेट्टी-यजमानांना कोणी विचारल्याचं दिसत नाही. मराठी अंमल संपला, पण म्हैसूरच्या दप्तरात कानडीबरोबर मराठीतही हिशेब ठेवण्याची चाल पुढे बराच काळ टिकली.

१८०९ मध्ये इंग्रजांनी आपली फौज पेटेच्या, म्हणजे या जुन्या गावाच्या, ईशान्येला, हलसूरच्या बाजूला आणून बसवली. कँटोन्मेंट म्हणजे नुसती छावणी राहिली नाही. तिच्याभोवती तमिळ, उर्दू आणि इंग्रजी बोलणारं निराळं गाव वाढलं. त्यामुळे २७ मार्च १८६२ रोजी, १८५० च्या नगरसुधार कायद्याखाली पेटेसाठी नऊ प्रतिष्ठितांचं म्युनिसिपल मंडळ नेमलं गेलं, तेव्हा कँटोन्मेंटलाही वेगळं मंडळ मिळालं. १८८१ मध्ये म्हैसूरचं राज्य इंग्रजांकडून वाडियार राजघराण्याकडे परत आलं. पेटे महाराजांच्या सत्तेखाली आली. कँटोन्मेंट मात्र ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’ या नावाने इंग्रज रेसिडेंटच्या हाती राहिलं. मधे कब्बन पार्क. म्हणायला बाग, पण एका बाजूला संस्थान आणि दुसऱ्या बाजूला साम्राज्य.

दोन्हीकडे सगळंच दुहेरी: दोन रेल्वे स्टेशनं, दोन नगरपालिका. १८९८ च्या प्लेगने पेटेतली दाटी किती जीवघेणी आहे हे दाखवलं आणि बसवनगुडी, मल्लेश्वरम या मोकळ्या वसाहतींना जोर आला. १९०५ मध्ये शिवनसमुद्रची वीज पेटेच्या बाजारभागातल्या दिव्यांत आली. पण दोन कारभारांतली चढाओढ मला सर्वांत स्पष्ट दिसते ती मंडयांत. पेटेने सिद्धीकट्टे तळ्याच्या जागी १९२१ मध्ये कृष्णराजेंद्र मार्केट उभारलं. कँटोन्मेंटने १९२७ मध्ये आपलं रसेल मार्केट बांधलं आणि त्याला आपल्याच म्युनिसिपल कमिशनरचं नाव दिलं. भाजीवाल्यांच्या छपराला अधिकाऱ्याचं नाव देण्याची ही हौस अजून कुठे गेली म्हणा!

१९४७ मध्ये सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन म्हैसूर संस्थानात परतलं आणि १९४९ मध्ये दोन्ही पालिका मिळून एक महानगरपालिका झाली. २००७ मध्ये तिच्यात सात नगरपालिका, केंगेरीसारखं एक छोटं नगर आणि ११० गावं ओतली गेली. गावकीची सवय असलेल्या पंचायती एका झटक्यात महानगराचे वॉर्ड झाल्या. सप्टेंबर २०२० मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि नगरसेवकांच्या जागी प्रशासक बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या पालिकेच्याही पाच महानगरपालिका झाल्या. १८६२ पासूनच्या साऱ्या काळात एका पालिकेखालचं एकसंध बंगळूर जेमतेम पाऊणशे वर्षं टिकलं.

या सगळ्या फेरफारांबाहेर राहिलेली एक गोष्ट म्हणजे तिगळ माळ्यांचा करगा हा मिरवणुकीचा उत्सव. चैत्र पौर्णिमेच्या रात्री धर्मरायाच्या देवळातून निघून तो पेटेपेटेतून फिरतो आणि मस्तानसाहेबांच्या दर्ग्यात थांबतो. ही वाट नगरपालिकेहून जुनी आहे.

नव्या पाच महानगरपालिकांपैकी मध्य महानगरपालिकेत आता चिक्कपेटेही आहे आणि रसेल मार्केटचं शिवाजीनगरही.