गुडघ्यातील चंद्रकोर

व्याख्यान संपून आपण बैठकीवरून उठाल, तेव्हा पुष्कळांचा हात नकळत गुडघ्यावर जाईल. हा सांधा दुखू लागेपर्यंत त्याची आठवण कोणाला होत नाही. परंतु त्याच्याविषयी वैद्यकशास्त्राने कोणती मते धरली आणि कोणती सोडली, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

गुडघ्यात कूर्चा दोन प्रकारची असते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा लेप असतो. आणि मांडीचे हाड व नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात. त्या लेपात रक्तवाहिन्या मुळीच नसतात आणि चकतीत त्या केवळ बाहेरच्या कडेला असतात. रक्त पोचत नाही तेथे जखम भरून येणे कठीण. विल्यम हंटर यांनी १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात, नष्ट झालेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही, हे सांगून ठेवले होते.

चंद्रकोरींच्या वाट्याला तर उपेक्षाच आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन ब्लँड-सटन या विख्यात इंग्रज शल्यवैद्याने त्यांना पायाच्या स्नायूचे निरुपयोगी अवशेष ठरविले. मग काय! चकती फाटली की ती समूळ काढून टाकावी, हाच रिवाज पडला. रोगी काही आठवड्यांत हिंडूफिरू लागे; शल्यवैद्यही समाधान पावे. वास्तविक १८८३ साली एडिंबरोच्या थॉमस ॲनन्डेल यांनी एका खाणकामगाराची सुटलेली चकती टाके घालून जागच्या जागी बसविली होती आणि तो माणूस पुन्हा कामावर गेला होता. पण हा मार्ग पुढे कित्येक दशके ओसच राहिला.

या समजुतीला दोन धक्के बसले. १९३६ साली डॉन किंग यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखविले की, फाट रक्त पोचणाऱ्या कडेपर्यंत गेली असेल तर चकती सांधते. पुढे १९४८ साली टी. जे. फेअरबँक यांनी चकती काढलेल्या रोग्यांची क्ष-किरण चित्रे तपासली. कित्येकांच्या सांध्यातील फट अरुंद झाली होती, हाडाचा गोलवा चपटा झाला होता. जिला आपण अडगळ समजत होतो, ती शरीराचा भार वाटून घेत होती! ती गेल्यावर तो भार हाडावरच्या लेपावर पडला आणि सांधा झिजू लागला.

दरम्यान जपानात वेगळेच काम चालले होते. १९१८ साली टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय पाहण्याची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली अशाच दुर्बिणीच्या साहाय्याने चकतीचा केवळ फाटलेला भाग काढला व उरलेला राखला. १९६९ साली हिरोशी इकेउची यांनी दुर्बिणीतूनच चकती शिवली. हाडावरच्या लेपासाठीही प्रयत्न झाले. रोग्याच्याच कूर्चेतील पेशी बाहेर वाढवून पुन्हा रोपण्याचे प्रयोग स्वीडनमधील वैद्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केले.

तथापि हत्यार सोपे झाले की हात शिवशिवतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया उदंड झाल्या. तेव्हा २००२ साली अमेरिकेत संधिवाताच्या १८० रोग्यांवर कसोटी झाली. काहींना खरी शस्त्रक्रिया, तर काहींना केवळ त्वचेवर छेद. दोन वर्षांनी पाहता दोहोंत फरक नव्हता. २०१३ साली फिनलंडमध्ये, वयोमानाने चकती विरलेल्या १४६ रोग्यांच्या बाबतीतही वर्षअखेरीस तोच निष्कर्ष निघाला. याचा अर्थ शस्त्रक्रिया व्यर्थ असा नव्हे. मैदानावर पाय मुरगळून चकती फाटलेल्या तरुणाची गोष्ट वेगळी. तेथे शिवणे शक्य असेल तर शिवावे. पण उतारवयातील पुष्कळ गुडघ्यांना मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजनाला आळा हाच पहिला उपचार होय.

सज्जनहो, एखाद्या वस्तूचा उपयोग आपल्याला कळत नाही आणि तिला उपयोगच नाही, ही दोन विधाने एक नव्हेत. हा भेद ध्यानात येईपर्यंत कित्येकांना आपल्या गुडघ्याने किंमत मोजावी लागली. म्हणून उद्या कोणी आपल्या गुडघ्यातील काही काढावयाचे म्हटले, तर नम्रपणे एवढे अवश्य विचारा : डॉक्टरसाहेब, हे राखता येणार नाही का?