तारेखालची जमीन

आमच्या भागात जमीन कसणाऱ्याची भाषा आणि जमिनीच्या कागदाची भाषा कधी एक नव्हती. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या पट्ट्यात कितीतरी घरांत मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत राज्यकर्त्यांची असेल ती भाषा. निजामाच्या राजवटीत ती उर्दू होती. आज्जा सांगायचे, पटवारी दप्तर सोडून वाचायला लागला की शेतकरी नुसता त्याच्या तोंडाकडे बघत बसायचा. तो म्हणेल तो सारा, तो म्हणेल ती हद्द.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि निजामाची राजवट संपली. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. सोयरे पलीकडे राहिले. जमिनीचा उतारा आता ‘पहाणी’ म्हणून कन्नडमध्ये मिळू लागला. आणि आज विजेच्या कंपनीचा माणूस जो करार पुढे करतो, तो बहुधा इंग्रजीत असतो. तीन पिढ्यांना तीन लिप्यांवर विश्वास ठेवावा लागला. वीज कंपनीने गावाशी चांगले संबंध कसे जोडावेत, या प्रश्नाची सुरुवात माझ्या मते इथूनच होते.

वीज पहिल्यांदा आली ती सरकारी वीज बोर्डाची. थोरल्या आत्याच्या तोंडून ती हकिकत आम्ही कितीदा ऐकली. खांब बैलगाड्यांवर घालून आणले. खड्डे गावच्याच गड्यांनी खणले. काळ्या रानात चार हात खाली गेलं तरी पक्कं लागेना, म्हणून खड्ड्यात दगड ठासले. कोणाच्या बांधावर खांब रोवायचा, याचा निकाल चावडीवर लागला. लाइनमन रायचूरकडचा, कन्नड बोलणारा. तो मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीत राहिला आणि वर्षाच्या आत मराठी बोलू लागला. “वादळात तार तुटली की लेकरू त्याच्या दारात जाऊन नावानं हाक मारायचं,” आत्या म्हणायची. “रात्री-अपरात्री शिडी घेऊन निघायचा बिचारा.”

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवसेला, सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप उभी करायची, चुना लावलेले पाच पांडव मांडायचे आणि भज्जी, बाजरीचे उंडे, अंबील असा नैवेद्य दाखवायचा. त्या दिवशी कोणालाही जेवल्याशिवाय रानातून जाऊ देत नाहीत. लाइनमनला तर चार-चार कोपींतून बोलावणं असायचं. पुढे डीपी जळून आठ-आठ दिवस अंधारात काढायची वेळ आली, बोर्डावर मोर्चेही गेले. पण भांडायला समोर ओळखीचं माणूस होतं, हे आत्या कधी विसरली नाही.

उच्च दाबाची लाइन आली ती वेगळ्या रीतीने. तुरीत फुलोरा होता. दोन पोरं झेंड्या रोवून गेली. मागून यंत्र आलं आणि त्याने बांध फोडला. टॉवरचे चार पाय शेताच्या मधोमध उभे राहिले. आजही त्या चौकोनात ट्रॅक्टर वळत नाही. तेवढ्यात कुंदा आणि गाजर गवत माजतं आणि फुटलेल्या बांधातून दर पावसाळ्यात काळी माती ओढ्याला जाते. पिकाची भरपाई एकदा मिळाली. पावतीवर आमच्या वडिलांची सही आहे. मजकूर त्यांना वाचता येत नव्हता. बांधाचं सांगायला गेलो तेव्हा ठेकेदार बदलला होता.

कायद्याने त्यात वावगं असं काही नव्हतं. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार २००३ च्या वीज कायद्याने पारेषण कंपन्यांना देता येतात. जमीन ताब्यात न घेताच टॉवर उभा करता येतो. द्यायची ती नुकसानभरपाई. केंद्राने २०१५ मध्ये टॉवरखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के मोबदला सुचवला. जून २०२४ मध्ये तेच २०० आणि ३० टक्के केले. ही वाढ शेतकऱ्यांनी जागोजागी काम अडवलं म्हणून झाली, कोणाच्या उदारपणाने नाही.

मराठी मुलखाला हे भांडण नवं नाही. मुंबईच्या विजेसाठी टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतलं, तेव्हा १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट तिथूनच सेनापती झाले. पण पुण्यात राहणारे, कागदावर जमिनीचे धनी असलेले बरेच सावकार मोबदल्यावर राजी झाले आणि कसणारा कुणबी एकटा पडला. गावं पाण्याखाली गेली. पैसे देऊनही नातं कसं तुटतं, हे शंभर वर्षांपूर्वी तिथे दिसलं.

आमच्याच राज्यात तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडला पुढे वेगळी वाट निघाली. सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचा सौरप्रकल्प उभा राहिला, पण शेतकऱ्यांची जमीन विकत घेतली नाही. ती २८ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. सुरुवातीला एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. पहाणीवर नाव शेतकऱ्याचंच राहिलं. दुष्काळी तालुक्यात ठरलेल्या दिवशी येणाऱ्या पैशाचं मोल आम्हाला कोणी समजावायला नको. पण तिथेही ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्यांची खुरपणी-काढणीची मजुरी गेली. पॅनेल पुसायला आणि राखण करायला किती माणसं लागणार? मुळशीचा कुणबी आणि पावगडचा शेतमजूर यांचं दुखणं एकच आहे: कागदावर नाव नाही, म्हणून हिशेबात नाव नाही.

आता धाराशिवच्या माळांवर पवनचक्क्या फिरताहेत आणि आमच्याकडेही सौरप्रकल्पांची बोलणी चालू आहेत. कंपन्या शाळेला रंग देतात, शुद्ध पाण्याचं यंत्र बसवतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. ते जरूर करावं. पण बांध फुटलेल्या माणसाला रंगवलेली भिंत दाखवून समाधान होत नाही.

करार कन्नडमध्ये आणि मराठीतही लिहावा, ग्रामसभेत मोठ्याने वाचावा आणि मगच सही मागावी. जमीन शक्य तिथे भाड्याने घ्यावी. कसणाऱ्याला आणि मजुराला हिशेबात धरावं. फुटलेला बांध त्याच उन्हाळ्यात, मिरगाच्या आधी घालून द्यावा. आणि प्रकल्प आहे तोवर गावात राहणारा, आमची भाषा बोलणारा आणि निर्णय घेण्याचा अधिकार असलेला एक माणूस नेमावा. आत्याच्या पिढीने बोर्डाला जोखलं ते त्या एका लाइनमनवरून. नव्या कंपन्यांनाही गाव असंच जोखणार आहे.