लाकडाला तेल पाजण्याची रीत

समुद्रकाठच्या लाकडाला देशावरच्या लाकडापेक्षा अधिक शत्रू असतात. देशावर उन्हाने फळी तडकते आणि वाळवी लागते, एवढ्यावर बहुधा निभावते. परंतु खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या घराला या दोन्ही उपद्रवांच्या जोडीला खारा वारा, चार महिन्यांचा अखंड दमटपणा, बुरशी आणि भुंगेरा यांच्याशी वर्षानुवर्षे सामना करावा लागतो. त्यामुळे लाकूड राखण्याची विद्या किनाऱ्यावर जितक्या निकडीने वाढली तितकी ती अन्यत्र वाढण्याचे कारणच नव्हते. या विद्येचा माग काढण्यास करंजा हे स्थळ फार सोयीचे आहे.

मुंबई बंदराच्या आग्नेय अंगाला, द्रोणागिरीच्या पायथ्याशी हे कोळ्यांचे गाव वसलेले आहे. समोर रेवस, मध्ये धरमतरच्या खाडीचे मुख, आणि पाठीशी भातखाचरे व मिठागरे. एकोणिसाव्या शतकातील सरकारी दप्तरात हा मुलूख पनवेल तालुक्याच्या पोटात, उरण पेट्यात मोडत असे. तो तालुका आधी ठाणे जिल्ह्यात होता व १८८३ मध्ये कुलाब्याकडे वर्ग झाला. त्याहून जुन्या काळी करंजा हे संबंध बेटाचेच नाव होते. पोर्तुगीजांच्या अंमलाखाली सुमारे दोन शतके काढल्यानंतर, चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेच्या आगेमागे ते मराठ्यांकडे आले, १७७४ च्या अखेरीस साष्टीबरोबर इंग्रजांनी ते हस्तगत केले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहनाम्याने त्यांचा त्यावरील ताबा कायम झाला. एवढ्याशा बेटासाठी तीन सत्ता झगडल्या याचे कारण त्याच्या जमिनीत शोधू नये. मुंबई बंदरात येणारी-जाणारी आणि खाड्यांतून वर पनवेल-पेणपर्यंत चढणारी लाकडी जहाजे या बेटाच्या नजरेखालून जात, हे त्याचे खरे महत्त्व होते.

लाकडाला तेल पाजण्याचा रिवाज घरापेक्षा जहाजांवर आधी नांदला असावा असे मानण्यास पुरेसा आधार आहे. तेराव्या शतकात होर्मुझला पोहोचलेल्या मार्को पोलोने तेथील जहाजांना डांबर न लावता माशाचे तेल चोपडतात हे नोंदवून ठेवले आहे; चीनमधील जहाजांविषयी लिहिताना चुना, कुटलेला ताग आणि एका झाडाचे तेल यांच्या लुकणाने सांधे बुजवितात असेही तो सांगतो. पुढे १७७५ च्या सुमारास, म्हणजे करंजा इंग्रजांच्या हाती गेले त्याच वेळी, स्टाव्होरिनस नावाचा डच दर्यावर्दी सुरतेस होता. तेथील जहाजांच्या फळ्या एकमेकींत खाचा पाडून बसवितात, आणि त्यांच्या बाजूंना व तळाला वेळोवेळी तेल चोळतात, ते तेल लाकूड पिऊन घेते व त्याने लाकडाचे पोषण होते, अशी त्याची नोंद आहे. याच सुरतेहून १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया मुंबईच्या गोदीत आले, आणि त्यांच्या वंशजांनी सागवानात बांधलेली जहाजे इतकी टिकली की १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमली’ आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. सागाच्या अंगच्या गुणाला या दीर्घायुष्याचे श्रेय मोठे आहे यात शंका नाही. पण गोदीच्या कारागिरांनी त्या लाकडाची केलेली निगाही त्यात आहेच.

कोकणच्या खाड्यांतील होड्या-मचव्यांवर हीच रीत लहान प्रमाणावर चालू होती. पाण्याखालच्या भागाला किडा पोखरू नये म्हणून चुना आणि चरबी, सांध्यांत काथ्या किंवा कापूस व राळ, आणि पाण्यावरच्या फळ्यांना मुशीच्या यकृताचे तेल. हा सर्व उद्योग आगोटीला होड्या ओढून घेतल्यानंतर नारळी पौर्णिमेपर्यंतच्या सक्तीच्या विश्रांतीत आटोपावा लागे. माशाच्या तेलाचा गुण वादातीत असला तरी त्याचा दर्प असा की माजघरात किंवा देवघरात त्याला प्रवेश मिळणे शक्य नव्हते. घरातील खांब, तुळया, चौकटी, झोपाळे, देव्हारे आणि पाट यांच्यासाठी निराळे तेल निवडणे भाग होते, आणि निवडीचा खरा प्रश्न येथून सुरू होतो.

तेलाची या किनाऱ्यावर वाण नव्हती. तेल गाळण्याचा धंदा ज्या समाजाने येथे पिढ्यान् पिढ्या केला तो बेने इस्रायल समाज अलिबाग, पेण, पनवेल, उरण या टापूतील खेड्यांत पसरलेला होता. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना शेजारीपाजारी शनिवार तेली म्हणत. पनवेल येथे १८४९ मध्ये उभे राहिलेले त्यांचे बेथ-एल सिनेगॉग या वस्तीच्या स्थैर्याची साक्ष देते. घाण्याच्या तेलांपैकी खोबरेल सर्वांत सुलभ, परंतु लाकडाच्या कामी सर्वांत निरुपयोगी. ते कधीच वाळत नाही, धूळ ओढून घेते आणि कालांतराने खवट होते. करंजेल कडू, आणि कीड त्याला टाळते. पण तेही वाळत नसल्यामुळे जेथे हात लागत नाही अशा वाशांना व आढ्याच्या लाकडांनाच ते योग्य. किनाऱ्यावर उंडीची झाडे विपुल. तिच्या बियांचे हिरवट दाट तेल दिव्याला आणि होड्यांना चाले. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेल्या काजूच्या टरफलाचे काळे तेल वाळवीवर जालीम खरे, मात्र कातडीला लागले तर फोड उठविणारे. त्यामुळे भिंतीत जाणारी तुळयांची टोके आणि जमिनीत पुरायचे खांबांचे बुंधे एवढ्यापुरतेच त्याचे क्षेत्र. जॉर्ज वॉट यांनी १८८९ ते १८९३ या काळात प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या आर्थिक उत्पादनांच्या कोशात ही सर्व झाडे आपापल्या उपयोगांसह नोंदलेली आहेत.

वारंवार हाताळल्या जाणाऱ्या आतल्या लाकडाला जे तेल खरोखर साजते ते अळशीचे, म्हणजे जवसाचे, आणि जवस हे मुख्यतः देशावरचे व वऱ्हाड-नागपूरकडचे पीक आहे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर देशावरचा माल पनवेल बंदरात उतरणे सुलभ झाले, आणि पनवेल हे गाड्यांच्या चाकांसाठी नावाजलेले गाव बनले; १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला जाऊन भिडल्यावर मध्य प्रांतातील जवस मुंबईत येऊन विलायतेस जाऊ लागले. ज्या बियांच्या तेलावर युरोपातील रंगाचे कारखाने चालत, त्या बिया अशा प्रकारे करंज्याच्या समोरूनच जहाजांत चढत असत.

जवस श्रेष्ठ का, याचा उलगडा रसायनशास्त्राने मागाहून केला. तेल वाळते म्हणजे पाण्यासारखे उडून जाते असे नव्हे; हवेतील प्राणवायू शोषून ते लाकडाच्या छिद्रांतच घट्ट होते, आणि म्हणून वाळताना त्याचे वजन घटण्याऐवजी वाढते. ही शक्ती कोणत्या तेलात किती आहे याचा अंदाज ते किती आयोडीन शोषते यावरून करता येतो. ही मोजणी १८८४ मध्ये हूब्ल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने प्रचारात आणली. खोबरेलाचा आकडा दहाच्या आतबाहेर, करंजेलाचा ऐंशी-नव्वदच्या घरात, तर अळशीच्या तेलाचा १७० च्याही पुढे जातो. तरीही कच्चे अळशीचे तेल वाळण्यास कित्येक दिवस घेते. म्हणून ते मुरदाडशिंग घालून उकळण्याची पद्धत पडली. मुरदाडशिंग हे शिशाचे विषारी ऑक्साइड असल्यामुळे त्याची जागा आता कोबाल्ट व मँगनीज यांच्या क्षारांनी घेतली आहे. असे उकळलेले तेल एका दिवसात धरते. मात्र ज्या पाटा-काठवटीवर अन्न येते तिला ते लावू नये, तेथे शुद्ध कच्चे तेलच वापरावे व ते पुरते वाळू द्यावे.

निवड झाली तरी हाताची रीत चुकली तर उत्तम तेलही वाया जाते. समजा, जुन्या घराच्या सागवानी दाराला तेल द्यावयाचे आहे. दार बिजागऱ्यांवरून उतरवून ओल्या फडक्याने पुसावे, कारण समुद्राजवळच्या लाकडावर मिठाचा सूक्ष्म थर असतो आणि तो हवेतील ओल खेचून घेतो. मग दोन दिवस सावलीत वाळवून काचकागद रेषांच्या दिशेने फिरवावा. सागात स्वतःचेच तेल असते व ते बाहेरच्या तेलाला आत शिरू देत नाही, म्हणून टर्पेंटाइनच्या बोळ्याने दार एकदा पुसून घेणे इष्ट. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ केलेल्या तेलाचा द्यावा. तेल कोमट हवे असेल तर टर्पेंटाइन मिसळण्यापूर्वी ते गरम पाण्यात भांडे ठेवूनच कोमट करावे, विस्तवावर कधीही ठेवू नये, आणि मिश्रण विस्तवापासून दूरच असू द्यावे. बोळा फिरविताना चौकस माणसाच्या ध्यानात येते की फळीची सपाटी सावकाश पिते, परंतु आडवी कापलेली टोके तेल क्षणात गिळतात आणि पुन्हा कोरडी दिसतात. दाराची खालची कड, जेथून पावसाचे पाणी वर चढते, ती याच टोकांनी बनलेली असते, आणि घाईत नेमकी तीच विसरली जाते. वीसेक मिनिटांनी वर उरलेले सर्व तेल कोरड्या फडक्याने निःशेष पुसून काढावे. या एका पायरीवर कामाचे यश अवलंबून असते, कारण लाकडाने न प्यालेले तेल वरच राहून चिकट होते आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. पहिला हात पुरता वाळल्यावर दुसरा, मग तिसरा, प्रत्येकाचा थर आधीच्यापेक्षा पातळ; आणि शेवटी, जेथे हात लागतो तेथे, टर्पेंटाइनमध्ये विरघळविलेले मधमाशांचे मेण. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ढिगाने टाकू नयेत, कारण वाळताना तेल उष्णता सोडते आणि असे ढीग आपोआप पेट घेतात. ती दोरीवर एकेक पसरून वाळवावीत.

हे काम माघापासून चैत्रापर्यंतच्या कोरड्या हवेत झाले पाहिजे. दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जेथे चार महिन्यांत कोसळतो तेथे आगोटीच्या तोंडावर लावलेले तेल वाळत नाही. कौलांची शाकारणी, लाकडांची व धान्याची बेगमी आणि दारांना तेल ही कामे पावसापूर्वीच्या एकाच पंक्तीत बसतात.

या पद्धतीला पहिला धक्का बसला तो एकोणिसाव्या शतकात. स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे फ्रेंच पॉलिश युरोपात लोकप्रिय झाले आणि मुंबईच्या साहेबी बंगल्यांतून, नक्षीदार शिसवी खुर्च्या-मेजांवरून ते पांढरपेशा घरांत उतरले. लाख ही हिंदुस्थानच्याच जंगलांतील वस्तू. तिची झळाळी तेलाला नाही हे मान्यच केले पाहिजे. परंतु दमट हवेत ती पांढरी पडते आणि पाण्याच्या भांड्याचा वळ तिच्यावर उठतो. त्यानंतर व्हार्निश आले, आणि अलीकडे मेलामाइन व पॉलियुरेथेन. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यापासून उरणच्या आसपासची जुनी घरे झपाट्याने सिमेंटची झाली. सागाच्या तुळयांची जागा प्लायवुडने घेतली, आणि प्लायवुडवरील पातळ पापुद्र्याला तेल पाजण्यात फारसा अर्थ उरला नाही.

नव्या रोगणांचा द्वेष करण्याचे कारण नाही. ज्या मेजावर गरम भांडी ठेवली जातात तेथे कठीण थर हवा, आणि तेल तो देऊ शकत नाही. परंतु खाडीकाठच्या दारा-खांबांचा अनुभव निराळा आहे. वर चढविलेला जाड थर प्रथम एखाद्या कोपऱ्यात तडकतो, त्या फटीतून आत गेलेल्या ओलीला बाहेर पडण्यास वाट राहत नाही, आणि आतले लाकूड कुजू लागले तरी वरची चकाकी ते लपवून ठेवते. पुढे दुरुस्ती करावयाची तर सगळा थर खरवडून काढावा लागतो. तेल पाजलेले लाकूड आपली तहान उघडपणे दाखविते: जेथे ते फिके व कोरडे दिसेल तेवढ्याच जागी एक बोळा फिरविला म्हणजे काम होते, आणि ते घरातल्या कोणासही करता येते. करंज्याच्या किनाऱ्यावर होडी टिकली ती वर्षातून एकदा ओढून घेऊन फळीन् फळी तपासण्याच्या शिस्तीमुळे, आणि तेलाचा हात हे त्या तपासणीचेच निमित्त होते. ज्यांच्या घरी आजही सागाची दारे व चौकटी उभ्या आहेत त्यांनी ती रंगवून झाकण्यापूर्वी हा हिशेब करावा: वर्षातला एक कोरडा दिवस, शेरभर जवसाचे तेल आणि जुन्या धोतराचे फडके, एवढ्या खर्चात पूर्वजांनी बसविलेले लाकूड नातवंडांच्या हाती धड देता येते.