स्थावर संपदा अभिकर्ता (महाराष्ट्र)

स्थावर संपदा अभिकर्ता म्हणजे घर, सदनिका, भूखंड किंवा इमारत यांच्या खरेदी-विक्रीत दोन्ही पक्षांची गाठ घालून देणारी व त्याबद्दल मोबदला घेणारी व्यक्ती वा संस्था होय. बोलीभाषेत तिला इस्टेट एजंट, ब्रोकर, मध्यस्थ किंवा दलाल असे म्हणतात. अभिकर्ता व्यवहार जुळवून देतो. मालकी हक्काची हमी मात्र तो देत नाही.

कायदेशीर पार्श्वभूमी

अभिकर्ता व त्याचा मुख्य यांच्यातील संबंध भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार ठरतात. महाराष्ट्रात सदनिका विक्रीचे नियमन करण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र सदनिका मालकी हक्क अधिनियम (मोफा) झाला. त्याचा रोख प्रामुख्याने प्रवर्तकांवर, म्हणजे बिल्डरांवर होता. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ (रेरा) या केंद्रीय कायद्याने अभिकर्त्यांना प्रथमच नोंदणीच्या कक्षेत आणले. त्याखाली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे (महारेरा) कामकाज १ मे २०१७ पासून सुरू झाले.

नोंदणी व कर्तव्ये

रेरा अधिनियमाच्या कलम ९ नुसार नियोजन क्षेत्रातील नोंदणीकृत प्रकल्पात विक्रीस साहाय्य करणाऱ्या अभिकर्त्यास नोंदणी सक्तीची आहे. कलम १० नुसार त्याची प्रमुख कर्तव्ये पुढीलप्रमाणे आहेत :

- नोंदणी आवश्यक असूनही नोंदणी न झालेल्या प्रकल्पातील मिळकत न विकणे;
- हिशेबाची पुस्तके व दस्तऐवज ठेवणे;
- सेवेचा दर्जा अथवा प्रवर्तकाची मान्यता यांविषयी दिशाभूल करणारी विधाने न करणे;
- खरेदीदारास हक्काची माहिती व कागदपत्रे उपलब्ध करून देणे.

कलम ९ किंवा १० चा भंग केल्यास कलम ६२ अन्वये दररोज १०,००० रुपये दंड होऊ शकतो. दंडाची कमाल मर्यादा संबंधित मिळकतीच्या किमतीच्या ५ टक्के आहे. महारेराने २०२३ मध्ये अभिकर्त्यांसाठी प्रशिक्षण व परीक्षा अनिवार्य केली. दलालीचा दर मात्र अधिनियमाने ठरवून दिलेला नाही. तो उभयपक्षी ठरतो.

खरेदीची प्रक्रिया

सौदा ठरल्यावर सामान्यतः इसार देऊन इसारपावती केली जाते. त्यानंतर साठेखत (विक्रीचा करार) व शेवटी खरेदीखत होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार साठेखताने मालकी हस्तांतरित होत नाही. १०० रुपये व त्याहून अधिक किमतीच्या मिळकतीसाठी नोंदणीकृत खरेदीखत लागते. प्रकल्पातील घर घेताना नोंदणीकृत करार होण्यापूर्वी प्रवर्तकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही (रेरा, कलम १३). केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात दिला.

खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदले जाते व त्याचा गोषवारा सूची क्रमांक २ मध्ये मिळतो. दस्ताची नोंदणी झाली अथवा सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणजे विक्रेत्याची मालकी निर्विवाद ठरली, असे नाही. त्यामुळे वकिलाकडून जुन्या नोंदींचा शोध अहवाल घेण्याची पद्धत आहे.

परतूर व मराठवाड्यातील स्थिती

परतूर हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून तेथे नगरपरिषद व रेल्वे स्थानक आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. अशा शहरांत घरखरेदी म्हणजे अनेकदा गावठाणातील जुने घर किंवा शहरालगतच्या शेतजमिनीवर पाडलेला भूखंड घेणे असते. हे व्यवहार बहुधा ओळखीच्या मध्यस्थामार्फत होतात.

येथे काही बाबी विशेष महत्त्वाच्या ठरतात. मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात असल्याने कुळांच्या जमिनींना हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू होतो. कुळाच्या, इनामी किंवा शासनाने वाटप केलेल्या जमिनी अनेकदा भोगवटादार वर्ग-२ म्हणून नोंदलेल्या असतात व त्यांच्या विक्रीवर निर्बंध असतात. शेतजमीन गुंठ्यांनी विकण्याच्या प्रथेस गुंठेवारी म्हणतात (४० गुंठे = १ एकर). तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्याने अशा विक्रीवर बंधने घातली, तर २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने जुनी बांधकामे नियमित करण्याची तरतूद केली. म्हणून सातबारा किंवा मिळकत पत्रिका, अकृषिक वापराचा आदेश, मंजूर रेखांकन व नगरपरिषदेचा कर उतारा यांची पडताळणी आवश्यक मानली जाते.

मर्यादा व दाद

५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पास रेराखाली नोंदणी लागत नाही. जुन्या घराची पुनर्विक्रीही सामान्यतः या कायद्याबाहेर राहते. परिणामी लहान शहरांतील अनेक व्यवहारांत खरेदीदारास महारेराचे संरक्षण मिळत नाही. त्याला ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय, आणि फसवणूक झाल्यास पोलीस, यांच्याकडे दाद मागावी लागते. याउलट, शेतजमिनीवर पाडलेली ५०० चौरस मीटरहून मोठी व आठांहून अधिक भूखंडांची योजना नियोजन क्षेत्रात असल्यास तिला नोंदणी लागते. नोंदणीकृत प्रकल्पातील अभिकर्त्याविरुद्ध कलम ३१ खाली महारेराकडे तक्रार करता येते. महारेराच्या आदेशावर ६० दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

हेही पाहा

- महारेरा
- सातबारा उतारा
- गुंठेवारी
- परतूर तालुका