आकाशातला आशिया

वाचकहो, आशिया कुठे आहे असं शाळेत विचारलं, तर मुलं नकाशावर बोट ठेवतील. पण एक आशिया आकाशातही आहे, बरं का! मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या मधल्या पट्ट्यात लहानमोठे असंख्य लघुग्रह सूर्याभोवती फिरत असतात. त्यांतल्या ६७ व्या क्रमांकाच्या लघुग्रहाचे नाव आशिया. सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे पावणेचार वर्षे लागतात.

तो सापडला आपल्याच देशात. १८६१ साली नॉर्मन पॉगसन नावाचे इंग्रज ज्योतिर्विद मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. त्याच वर्षी १७ एप्रिलला त्यांना हा लघुग्रह दिसला.

तो त्यांनी ओळखला कसा? त्या काळच्या दुर्बिणीतून लघुग्रह ताऱ्यासारखाच बारीक ठिपका दिसे. मात्र तारे एकमेकांच्या मानाने जागच्या जागी असतात, लघुग्रह सरकतो. म्हणून आकाशाचा एक तुकडा घ्यायचा, नकाशाशी ताडून पाहायचा, आणि पुढच्या रात्री पुन्हा तोच पाहायचा. कळपात परके जनावर शिरले, तर ते कोणाला कळते? ज्याला आपले प्रत्येक गुरू ठाऊक आहे, त्या गुराख्याला! आकाशाचेही तसेच आहे.

आशिया खंडातून लागलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून त्याला आशिया हे नाव मिळाले. ग्रीक पुराणातही या नावाची देवता आहे, त्यामुळे देवतांची नावे देण्याची तेव्हाची रीतही पाळली गेली.

पण जमिनीचे नाव आकाशात गेले. तिथल्या माणसांचे काय? त्याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी हे पॉगसन यांचे सहायक होते. एका ताऱ्याचे तेज कमीजास्त होते, हे त्यांनी १८६७ साली शोधून काढले. आज किती पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव सापडेल?

पॉगसन यांना १८८५ साली मद्रासहून आणखी एक लघुग्रह सापडला, आणि पुढे शंभर वर्षे भारतातून एकही नवा लघुग्रह सापडला नाही. मग १७ फेब्रुवारी १९८८ रोजी तामिळनाडूतल्याच कावलूरच्या वेधशाळेत आर. राजामोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लघुग्रह शोधला. त्याचा क्रमांक ४१३०, आणि नाव रामानुजन! मद्रास बंदराच्या कचेरीत कारकुनी करता करता वह्या गणितांनी भरणारे तेच श्रीनिवास रामानुजन. पहिल्या वेळी आपल्या भूमीचे नाव लागले होते. या वेळी भूमीच्या पुत्राचे लागले.

शिक्षक मित्रांनो, मंगळ रात्री दिसत असेल तेव्हा मुलांना अंगणात न्या. त्याच्या आसपासचे तारे वहीत काढायला सांगा. पंधरा दिवसांनी पुन्हा काढायला लावा. कोणता ठिपका सरकला, हे तुम्ही सांगू नका. त्यांनाच शोधू द्या.